स्पॅनिश भाषेंतील सैन्यवर्ग

परभाषा शिकूं इच्छिणाऱ्या मनुष्याच्या हातीं सर्वांत आधीं जी वस्तु पडते ती शब्दांची यादी होय. डावीकडे परका शब्द, उजवीकडे त्याचा आपल्या ओळखीचा प्रतिशब्द आणि मधें एक उभी रेघ. फळफळावळ, भाजीपाला, घरांतील भांडीं, अंगावरील कपडे यांच्या बाबतींत ही पद्धति बऱ्यापैकीं चालते. कारण आंब्याचें नांव दुसऱ्या देशांत बदललें तरी आंबा बदलत नाहीं. सैन्याचे शब्द मात्र या रेघेला जुमानीत नाहींत. स्पॅनिश भाषेंत तर एका देशांतील अधिकाऱ्याचें पदनाम दुसऱ्या देशांत सुभेदाराच्या पायरीवर उतरतें. एकच नाम पुल्लिंगीं मनुष्य आणि स्त्रीलिंगीं पलटण होतें. आणि कांहीं शब्दांचा अर्थ कोशांत सांपडला तरी त्यांचें वजन तेथें सांपडत नाहीं. अशा शब्दांना यादी पुरत नाहीं, वर्ग पाहिजे, असें माझें मत आहे, आणि तें थोड्या विस्तारानें सांगण्याचें येथें योजिलें आहे.

मराठी मनुष्याला स्पेनच्या सैन्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. लेबनॉनच्या दक्षिणेस संयुक्त राष्ट्रांची जी शांतिसेना १९७८ सालीं स्थापन झाली, तींत भारताची पलटण १९९८ मध्यें व स्पेनची फौज २००६ मध्यें दाखल झाली. पूर्व विभागाचें ठाणें मर्जायून येथें स्पॅनिश सेनानीच्या हाताखालीं आलें आणि आपले जवान त्याच विभागांत पहारा करूं लागले. सी-२९५ जातीचीं ५६ लष्करी विमानें घेण्याचा करार भारतानें २०२१ सालीं केला. त्यांपैकीं १६ स्पेनमधील सेव्हिल शहरीं तयार व्हावयाचीं आणि ४० आपल्याकडे जुळवावयाचीं असें ठरलें, व तो कारखाना २८ ऑक्टोबर १९२४ या नव्हे, तर २०२४ च्या त्या तारखेस दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनीं उघडला, तोहि गायकवाडांच्या बडोद्यास. तेव्हां स्पॅनिश शिकणाऱ्या मुलामुलींच्या पुढ्यांत हे शब्द आज ना उद्यां येणारच. शिवाय या शब्दांपैकीं कांहीं आपल्या घरांत तीन-चार शतकें नांदत आहेत, तें पुढें येईलच.

आमच्या पिढीनें संस्कृत शब्द अमरकोशावरून पाठ केले. त्या ग्रंथाचें खरें नांव ‘नामलिंगानुशासन’, म्हणजे नाम आणि त्याचें लिंग या दोहोंचें शिक्षण. अमरसिंहाला नाम निराळें व लिंग निराळें शिकविणें मान्यच नव्हतें. क्षत्रियवर्गांत सेनेचीं नांवें सांगतांना त्यानें शब्दांची रास ओतली नाहीं, तर त्यांचा परस्पर संबंध सांगितला. एक हत्ती, एक रथ, तीन घोडे व पांच पायदळ मिळून पत्ति. पत्तीची तिप्पट सेनामुख, त्याची तिप्पट गुल्म, आणि याच क्रमानें गण, वाहिनी, पृतना, चमू व अनीकिनी. दहा अनीकिनींची अक्षौहिणी. हें पाठ असणाऱ्याला गुल्म मोठें कीं गण मोठा, हें विचारावें लागत नाहीं. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचलेल्या राज्यव्यवहारकोशांतहि शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, दुर्गवर्ग असे वर्गच केले आहेत. हीच वाट स्पॅनिश शिकणारानें धरावी.

आधीं लिंगाचें पाहूं. स्पॅनिशमध्यें नामामागें पुल्लिंगीं ‘एल’ व स्त्रीलिंगीं ‘ला’ हें उपपद लागतें. ‘ला ब्रिगादा’ म्हणजे कित्येक पलटणींची मिळून झालेली ब्रिगेड. ‘एल ब्रिगादा’ म्हणजे सार्जंटाच्या वरच्या पायरीवरील एक मनुष्य. ‘ला कोर्नेता’ म्हणजे बिगूल. ‘एल कोर्नेता’ म्हणजे तें वाजविणारा. ‘ला एस्कोल्ता’ ही संरक्षक तुकडी, ‘एल एस्कोल्ता’ हा एकटा अंगरक्षक. ‘ला ग्वार्दिआ’ हा पहारा, ‘एल ग्वार्दिआ’ हा पहारेकरी. उपपद चुकलें कीं एक ब्रिगेड चालून येते आहे असें सांगावयाचें असतां एक गृहस्थ येत आहेत असा अर्थ होतो, आणि युद्धांत हा फरक किरकोळ नाहीं. इंग्रजीवरून स्पॅनिश शिकणाऱ्यास हें अवघड वाटतें. आपणांस वाटण्याचें कारण नाहीं. फौज स्त्रीलिंगी, रिसाला पुल्लिंगी व पायदळ नपुंसकलिंगी हें मराठी मूल आईच्या मांडीवरच शिकतें. आणि ज्यानें संस्कृतांत पत्नीवाचक ‘दार’ हा शब्द पुल्लिंगीं व तोहि बहुवचनीं चालविला, त्याला स्पॅनिशचें लिंग काय म्हणून भिवविणार?

एका शब्दाबद्दल मात्र सावध असावें. शस्त्र या अर्थीं ‘आर्मा’ हें नाम स्त्रीलिंगी आहे, पण त्याच्या आरंभीं आघातयुक्त ‘आ’ असल्यामुळें दोन ‘आ’ एकमेकांवर आदळूं नयेत म्हणून एकवचनीं त्याला ‘एल’ लावतात. लिंग कांहीं त्यामुळें बदलत नाहीं. विशेषण स्त्रीलिंगीच राहतें, आणि अनेकवचनीं ‘लास आर्मास’ असें मूळचें रूप परत येतें. तरवार, सुरा, संगीन अशा पात्याच्या हत्यारांना ‘आर्मा ब्लांका’, म्हणजे शुभ्र शस्त्र, म्हणतात. ही केवळ उच्चाराची सोय आहे. आपल्याकडे संधि करतात, त्यांनीं उपपद बदललें.

स्पेनच्या सैन्यांत स्त्रियांना १९८८ पासून प्रवेश मिळाला, आणि २०१९ सालीं पात्रिसिआ ऑर्तेगा या तेथील पहिल्या स्त्री-जनरल झाल्या. तेव्हां प्रश्न उभा राहिला कीं स्त्री-सैनिकाला काय म्हणावें? ‘सोल्दादो’ म्हणजे शिपाई. त्याचें सरळ स्त्रीलिंग करावें तर ‘सोल्दादा’ होतें, पण या शब्दाचा अर्थ ‘वेतन’ असा आधींच ठरून गेलेला! म्हणून ‘ला सोल्दादो’ म्हणतात. तसेंच ‘हेनेराला’ म्हणजे जुन्या वहिवाटीनें जनरलची पत्नी. शिवाय सर्वांनीं शस्त्रें घेऊन जमावें म्हणून वाजविल्या जाणाऱ्या इशाऱ्यालाहि ‘हेनेराला’च म्हणतात. स्वतःच्या अधिकारानें जनरल झालेली ती ‘ला हेनेराल’. पाणिनीच्या वाचकाला यांत नवल नाहीं. आचार्याची पत्नी ती आचार्यानी आणि स्वतः शिकविणारी ती आचार्या, असा भेद आपल्या व्याकरणानें फार पूर्वींच करून ठेविला आहे. मराठींत पाटलीण म्हटलें म्हणजे पाटलाची बायकोच डोळ्यांपुढें येते, ही आपली अडचण त्यांच्यासारखीच.

उच्चारांविषयीं थोडकेंच सांगतों. त, द हे स्पॅनिश वर्ण आपल्यासारखेच दंत्य आहेत, इंग्रजांसारखे टाळूला जीभ लावून काढावयाचे नाहींत. लिपींतील ‘ह’ मुका असतो, आणि ज्या अक्षराला इंग्रजींत ‘ज’ म्हणतात तें घशांतून खरखरीत ‘ह’सारखें उच्चारतात, म्हणून जनरलचा ‘हेनेराल’. ‘व’ व ‘ब’ यांत भेद नाहीं. स्पेनच्या बहुतेक भागांत जेथें ‘थ’ येतो तेथें अमेरिकेंतील स्पॅनिश लोक ‘स’ म्हणतात. सैन्याला माद्रिदमध्यें ‘एहेर्थितो’ तर मेक्सिकोंत ‘एहेर्सितो’. दोन्ही शुद्ध आहेत. मात्र एकाच वाक्यांत दोन्ही मिसळूं नयेत.

आतां अर्थाकडे वळूं. ‘सोल्दादो’ हा शब्द ‘सुएल्दो’पासून निघाला. सुएल्दो म्हणजे पगार, आणि त्याचें मूळ ‘सोलिदुस’ हें रोमन बादशाही सोन्याचें नाणें. म्हणजे सोल्दादो हा शौर्यावरून नव्हे, रोजमुऱ्यावरून ओळखला जाणारा मनुष्य. शिपायाच्या वेतनाला ‘पागा’ आणि तें देण्याच्या क्रियेला ‘पागार’ म्हणतात. वाचकांनीं हा शेवटचा शब्द पुन्हा एकदां वाचावा. पोर्तुगीज भाषेंतहि तें क्रियापद असेंच आहे, आणि आपल्या घरांत दर महिन्याला ज्याची वाट पाहिली जाते तो ‘पगार’ त्या पोर्तुगीज शब्दावरूनच मराठींत आला असें कोशकार मानतात. काडतूस हेंहि असेंच. पोर्तुगीज व स्पॅनिश दोन्ही भाषांत तें ‘कार्तूचो’च्या जातीचें. पिस्तूल आणि कप्तान हे त्याच वाटेचे प्रवासी.

पण या सर्वांत मला मोलाचा वाटतो तो ‘आर्मादा’. मूळ अर्थ ‘सशस्त्र केलेली’. १५८८ सालीं इंग्लंडवर चाल करून गेलेला तांडा इंग्रजी इतिहासामुळें आपल्या मुलांना ठाऊक असतो, आणि त्यामुळें आर्मादा म्हणजे बुडालेला काफिला अशी समजूत होऊन बसते. स्पेनमध्यें तसें नाहीं. तेथील नौदलाचें अधिकृत नांव आजहि ‘आर्मादा’ हेंच आहे. तो तांडा लिस्बनहून निघाला होता; कारण १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचें राज्य स्पेनच्याच राजाच्या छत्राखालीं होतें, आणि म्हणून गोवा, वसई, चौल हीं ठाणींहि तीं साठ वर्षें त्याच राजाचीं होतीं. पोर्तुगीज भाषेंतहि हा शब्द ‘आर्मादा’ असाच आहे, आणि त्यावरूनच आपला ‘आरमार’ शब्द बनला. शिवछत्रपतींनीं फिरंग्यांच्या डोळ्यांदेखत कोंकण किनाऱ्यावर जें आरमार उभें केलें, त्याचें नांव फिरंग्यांकडून घेतलेलें होतें. राज्यव्यवहारकोशाच्या काळींहि हा शब्द लोकांच्या तोंडून गेला नाहीं, आणि आज तर तो परका म्हणून कोणी ओळखणारहि नाहीं. स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मुलाला ‘आर्मादा’ पाठ करण्याचें कारणच नाहीं. तें त्याला येतेंच आहे.

‘पेओन’ हा दुसरा असाच शब्द. मूळचा अर्थ पायीं चालणारा शिपाई. पुढें मजूर आणि बुद्धिबळांतील प्यादें. लॅटिन भाषेंतील ‘पाऊल’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला, आणि आपल्या संस्कृत ‘पद्’ व ‘पदाति’ यांचा तो चुलतभाऊ आहे. पोर्तुगीजांच्या मार्गें इंग्रजांच्या कचेऱ्यांत शिरून त्याचा ‘प्यून’ झाला. रणांगणावरचा पदाति दप्तरें वाहतो आहे, हें चित्र कोणाहि शिक्षकानें शाळेच्या कचेरींत पाहिलेलें असतें.

इसवी सन ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमीअधिक भागावर मुसलमानी सत्ता होती, आणि त्या दीर्घ सहवासानें स्पॅनिशच्या सैन्यवर्गांत अरबी शब्दांची भर पडली. आपणांला हें समजणें सोपें आहे, कारण हवालदार, सुभेदार, जमादार, फौज, किल्ला हें आपलेंहि धन तिकडूनच आलेलें. ‘आल्फेरेथ’ म्हणजे अरबी ‘अल-फारिस’, घोडेस्वार. मध्ययुगांत तो राजाचें निशाण धरी, आणि आज तें स्पेनमधील अगदीं खालच्या अधिकाऱ्याचें पद आहे. स्पेनची युवराज्ञी लेओनोर ऑगस्ट २०२३ मध्यें सारागोसा येथील सैनिकी विद्यालयांत दाखल झाली, पुढल्या वर्षीं मारीन येथील नाविक विद्यालयांत व २०२५ मध्यें सान हाव्हिएर येथील विमानविद्यालयांत गेली. या प्रवासांत ज्या पदव्या तिच्या नांवामागें लागल्या त्यांत हा अरबी घोडेस्वारहि होता.

‘आदालीद’ म्हणजे पूर्वीं सैन्याला वाट दाखविणारा, अरबी ‘दलील’. आतां पुढारी या अर्थीं. आपला ‘दलाल’ त्याच धातूचा. एकानें सैन्याला वाट दाखविली, दुसऱ्यानें गिऱ्हाइकाला. ‘आलार्दे’ म्हणजे सैन्याची हजेरी, घोडे व हत्यारें पुढें मांडून दाखविणें. अरबींत ‘अर्झ’ म्हणजे पुढें ठेवणें. दिल्लीच्या सुलतानांच्या दरबारीं सैन्याची तपासणी करणारा ‘आरिज’ असे, आणि आपण सरकारपुढें जो ‘अर्ज’ ठेवतों तोहि हाच. स्पेनमध्यें या शब्दाला आज ‘मिरवणें, बडेजाव दाखविणें’ असा अर्थ चिकटला आहे. मात्र उत्तरेकडील इरून शहरीं ३० जूनला १५२२ च्या एका लढाईच्या स्मरणार्थ निघणाऱ्या लष्करी थाटाच्या मिरवणुकीला अजून ‘आलार्दे’ म्हणतात. ‘रेएन’ म्हणजे ओलीस ठेवलेला मनुष्य. उर्दूंत गहाणाला ‘रेहन’ म्हणतात, त्याच कुळींतला हा. मनुष्य गहाण पडतो ही कल्पना दोन्हींकडे एकच.

या अरबी शब्दांत एक आपल्याच घरून गेलेला आहे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशा चार अंगांची सेना ती चतुरंग. या नांवाचा खेळ इराणांत गेला, तेथून अरबांकडे गेला व ‘शतरंज’ झाला, आणि स्पेनमध्यें पोहोंचून ‘आहेद्रेथ’ झाला. राजा दहावा आल्फोन्सो यानें या खेळावर सचित्र ग्रंथ सेव्हिल येथें १२८३ सालीं पुरा करविला. ज्या सोंगटीला आपण उंट म्हणतों, तिला स्पॅनिशमध्यें ‘आल्फील’ म्हणतात. फील म्हणजे हत्ती. पेशवाईंतील पीलखान्याचा पील तोच. बिचाऱ्या स्पॅनिश खेळाडूला आपण हत्ती चालवीत आहों याची कल्पना नसते. ‘हाके’ म्हणजे शह.

सैन्याची भाषा नामांत नसून हुकुमांत असते, आणि येथें स्पॅनिश व्याकरणाची एक खुबी संस्कृतज्ञाला फार आवडेल. समोरच्या मनुष्याला आदरानें संबोधण्याचा शब्द ‘उस्तेद’. ‘बुएस्त्रा मेर्थेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या मानवाचक पदाचा झिजून झालेला हा अवशेष. आणि कृपा ही त्रयस्थ असल्यामुळें क्रियापद तृतीय पुरुषीं येतें. आपलें ‘भवान्’ तसेंच नव्हे काय? ‘त्वं गच्छ’ पण ‘भवान् गच्छतु’. आतां हुकूम पाहा. ‘प्रेसेन्तेन आर्मास’, शस्त्रें पुढें धरावीं. ‘आपुन्तेन’, नेम धरावा. ‘रोम्पान फीलास’, रांगा मोडाव्या. हीं सर्व आदरार्थीं तृतीय पुरुषाचीं रूपें आहेत, व त्यांत जो अर्थ आहे तो मराठींतील ‘आपण बसावें’, ‘आपण यावें’ या विध्यर्थाशीं जुळतो. इंग्रजींतील हुकूम नुसता धातु फेकतो. स्पॅनिश सार्जंट शिपायावर कितीहि ओरडला तरी व्याकरण त्याच्याकडून ‘आपण’ म्हणवून घेतें.

सगळेच हुकूम असे नसतात. सावधान होण्यासाठीं ‘फिर्मेस’, म्हणजे ‘दृढ’, एवढें विशेषणच पुरतें. गोळी झाडण्यास ‘फुएगो’, अग्नि. थांबण्यास ‘आल्तो’, पण कोशांत आल्तो म्हणजे ‘उंच’ असेंहि सांपडेल. तो शब्द निराळा आहे. उंच हा लॅटिनमधून आला, थांबण्याचा जर्मनांकडून. दोघांचे चेहरे योगायोगानें सारखे. ‘आल्तो एल फुएगो’ म्हणजे युद्धबंदी, उंच अग्नि नव्हे. रात्रीं पहारेकरी हटकतो तो ‘किएन बीबे’ या शब्दांनीं. त्याचा अक्षरार्थ ‘कोण जगतो?’ असा आहे. विचारणाऱ्याच्या हातीं बंदूक असल्यामुळें प्रश्न तसा सयुक्तिकच. परवलीच्या शब्दाला ‘सान्तो इ सेन्या’, म्हणजे संत आणि खूण, म्हणतात; एका संताचें नांव पुकारून त्याला जोडीची खूण सांगावयाची, अशी जुनी पद्धत होती. आणि शिपायाच्या पाण्याच्या बाटलीला ‘कान्तिम्प्लोरा’ हें नांव आहे, तें काताल्यूनियाकडचें. अर्थ ‘गाते आणि रडते’. पाणी ओततांना होणाऱ्या आवाजावरून तें पडलें. अशी नांवें रुक्ष कारकुनानें दिलेलीं नसतात, तहानलेल्या मनुष्यानें दिलेलीं असतात.

पदांच्या नांवांत मात्र खरा धोका आहे. स्पेनमध्यें कापितानच्या वरचें पद ‘कोमान्दान्ते’. त्यालाच मेक्सिको व आर्जेन्टिना येथें ‘मायोर’ म्हणतात. क्यूबांत सिएरा माएस्त्राच्या डोंगरांत लढणाऱ्या बंडखोर सैन्यांत कोमान्दान्ते हेंच सर्वोच्च पद होतें. फिडेल कास्त्रो आणि चे गेव्हारा यांना तीच पदवी. म्हणजे एकाच शब्दानें माद्रिदमध्यें मेजर व हवानांत सेनापति. ‘सुबतेनिएन्ते’ तर याहून फसवा. शब्दाचा अर्थ ‘तेनिएन्तेच्या खालचा’ असा, आणि मेक्सिकोंत व आर्जेन्टिनांत तो कोवळा पण कमिशन मिळालेला अधिकारी असतो. स्पेनमध्यें तोच शब्द शिपाईगिरींतून वर चढलेल्या, केंस पिकूं लागलेल्या मनुष्याचा वाचक आहे, आणि कालचा आल्फेरेथहि त्याच्या वरचा असतो. आपल्याकडे सुभेदारसाहेबांना जो मान आहे तो लक्षांत घेतला म्हणजे हें नीट समजतें. मर्जायूनसारख्या ठिकाणीं कोणी कोणाला आधीं सलाम करावा, कोणाच्या शब्दावर गाडी सोडावी, हें अशा शब्दांवर ठरतें. म्हणून पदनाम लिहितांना त्यापुढें देशाचें नांव लिहिलेंच पाहिजे; त्यावांचून तें अर्धें.

‘गेर्रा’ म्हणजे युद्ध. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘गेर्रीया’, लहानसें युद्ध. १८०८ सालीं नेपोलियननें स्पेनच्या गादीवर आपला भाऊ बसविला, त्याच्या थोडें आधींच २ मे रोजीं माद्रिदचे लोक उठले, आणि पुढें सहा वर्षें खेड्यापाड्यांतील टोळ्यांनीं फ्रेंचांचे टपालवाले, रसदेच्या गाड्या व एकटीदुकटी ठाणीं यांना विश्रांति म्हणून मिळूं दिली नाहीं. या लहान युद्धाचा शब्द युरोपभर पसरला तो या काळांत. इंग्रजींत तो येतो १८०९ च्या सुमारास, वेलिंग्टनच्या पत्रव्यवहारांतून. हा वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आजच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं लढलेला आर्थर वेलस्ली. गनिमी काव्याच्या मुलखांतून तो गेर्रीयाच्या मुलखांत गेला. आपल्या बाजूचा शब्दहि मौजेचा आहे. गनीम म्हणजे शत्रु. मोगल इतिहासकार मराठ्यांना गनीम म्हणत, आणि मराठ्यांनीं ती शिवी उचलून आपल्या युद्धरीतीच्या नांवांत मिरविली. स्पॅनिशमध्यें गेर्रीया म्हणजे युद्ध वा टोळी. लढणारा मनुष्य तो ‘गेर्रियेरो’. इंग्रजीनें युद्धाचें नांव मनुष्याला दिलें, आणि इंग्रजीवरून शिकणारे आपले विद्यार्थी तेंच स्पॅनिशमध्यें परत नेतात. त्या गेर्रियेरोंपैकीं सर्वांत नामांकित हुआन मार्तीन, ज्याला लोक ‘एल एम्पेसिनादो’ म्हणत, त्याला ज्या राजासाठीं तो लढला त्याच्याच राज्यांत १८२५ सालीं फांसावर चढविलें.

त्याच १८०८ सालीं गांवोगांवच्या लोकांनीं कारभारासाठीं ज्या सभा नेमल्या त्यांना ‘हुन्ता’ म्हणत. हा शब्द म्हणजे अक्षरशः आपलें ‘युक्ता’. संस्कृत ‘युज्’ आणि लॅटिन ‘युंग’ हे एकाच घरचे धातु. जोडलेली, एकत्र आलेली ती हुन्ता. स्पेनमध्यें तो आजहि निरुपद्रवी शब्द आहे. आन्दालुसिआ प्रांताच्या सरकारचें नांवच हुन्ता आहे. परंतु ११ सप्टेंबर १९७३ रोजीं चिलीमध्यें आणि २४ मार्च १९७६ रोजीं आर्जेन्टिनामध्यें सेनापतींनीं राज्य बळकावून आपल्या मंडळाला हेंच नांव दिलें, आणि जगाच्या कानांत तो शब्द काळवंडला. राज्य असें बळकावण्याला ‘गोल्पे’ म्हणतात. साधा अर्थ ‘तडाखा’.

आर्जेन्टिनांतील त्या सत्तेखालीं माणसें घरांतून, रस्त्यांतून उचलून नेलीं जात आणि नंतर त्यांचा ठावठिकाणा कोणी सांगत नसे. त्यांना ‘देसापारेसीदो’, नाहींसा झालेला, हा शब्द पडला. लोकशाही परत आल्यावर एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानें १९८४ सालीं जो अहवाल दिला त्यांत अशा सुमारें ९,००० मनुष्यांची नोंद आहे. मानवी हक्कांच्या संस्था ३०,००० हा आंकडा धरतात. व्याकरणदृष्ट्या ‘नाहींसें होणें’ हें अकर्मक क्रियापद आहे. मनुष्य स्वतः नाहींसा होतो, त्याला दुसरा कर्ता नसतो, आणि सत्ताधाऱ्यांना हेंच सोयीचें होतें. लोकांनीं तें क्रियापद सकर्मक केलें. ‘तो नाहींसा झाला’ असें न म्हणतां ‘त्यांनीं त्याला नाहींसा केला’ असें ते म्हणूं लागले. संस्कृतांत याला णिजन्त करणें म्हणतात. तेथें तें प्रत्यय लावून होतें, आर्जेन्टिनांत तें कर्ता आणि कर्म जागेवर आणून बसविल्यानें झालें.

३० एप्रिल १९७७ रोजीं अशा मुलांच्या चौदा आया बुएनोस आइरेस येथें राजवाड्यासमोरील मायो चौकांत जमल्या. त्या काळीं घोळका करून उभें राहण्यास बंदी होती. पोलिसांनीं त्यांना ‘सिर्कूलेन’ असा हुकूम केला. वर सांगितलेलें आदरार्थीं तृतीय पुरुषाचें रूपच तें. अर्थ ‘चालतें व्हावें’, आणि धातूचा मूळ अर्थ ‘फिरावें’. बायका दोघी-दोघींनीं हातांत हात घालून चौकांतील स्तंभाभोंवतीं फिरूं लागल्या. पुढें गुरुवार हा वार ठरला आणि दुपारीं साडेतीनची वेळ ठरली. एकमेकींना ओळखतां यावें म्हणून त्यांनीं डोक्याला पांढरे रुमाल बांधले, ते प्रथम बाळांच्या लंगोटांचे होते.